लक्षात राहील असं वाण

रविवारी सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ईशितानं आईच्या फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, डोळे बारीक केले आणि विचारलं, "आई, हा टॉयलेट तू कुणाला दिला?"

"कसलं टॉयलेट? देऊळ आहे ते," मंजिरी म्हणाली. आदल्या दिवशीचं संक्रांतीचं हळदीकुंकू झकास पार पडल्यामुळे ती खुशीत होती आणि अत्तरदाणी पुसता पुसता गुणगुणत होती. "ऋजुताला दिलं. सगळ्यात छान तेच होतं ना."

"आई, हे देऊळ नाहीये. हे ब्युरिअल पॉटरी आहे. चायनीज. हान पिरियड, म्हणजे दोन हजार वर्ष जुना. कोणी मेला की त्याच्या ग्रेव्हमध्ये हे सगळं ठेवायचे. तिकडे पण त्याला घर लागणार ना? म्हणून छोटा चूल, छोटा विहीर, छोटा बदक. आणि हा वर जो रूम आहे तो टॉयलेट. खाली पिग राहतो. वरून जे पडतं ते पिग खातो." ईशितानं टोस्टचा घास घेतला. "आम्हाला यावर पूर्ण एक लेक्चर होता."

मंजिरीच्या हातून अत्तरदाणी सुटली नाही, कारण ती सासूबाईंची होती. धीर मात्र सुटला. ती मटकन खुर्चीत बसली.

ईशिता इंग्लंडातल्या लेस्टरला पुरातत्त्व शिकत होती आणि दर पंधरा दिवसांनी कपडे धुवायला मिल्टन कीन्सला घरी येत असे. तिच्या या शिक्षणाचा घराला कधी उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो झाला तेव्हा असा झाला.

"दोन हजार वर्षं?" फ्रीजमधून दूध काढणारा विनय वळला. "म्हणजे व्हॅल्युएबल असणार की!"

"विनय, मी सवाष्णींना थडग्यातलं वाण दिलंय आणि तुला व्हॅल्यू सुचतेय?"

खरंच होतं ते. वाण द्यायचं ते समोरच्या बाईचं कुंकू अखंड राहावं म्हणून. आणि मंजिरीनं सात सवाष्णींना घरी बोलावून, हळदीकुंकू लावून, मनगटाला अत्तर फासून, कुणा मेलेल्या माणसाचा अख्खा संसार वाटून दिला होता. त्यातही ऋजुताच्या नवऱ्याचं, परीक्षितचं, येत्या शुक्रवारी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. नेमकं तिलाच ते डुकराचं टॉयलेट.

यामागे एक जुनी जखम होती. तीन वर्षांपूर्वी मंजिरीनं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटले होते आणि त्यांच्या बुडाशी 'एकावर एक फुकट' असं पिवळं लेबल तसंच राहिलं होतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमात उरलेलं अन्न बांधायची वेळ आली की ऋजुता हसून म्हणायची, "मंजिरीचा डबा आणा गं, एकावर एक!" ऋजुता मनानं वाईट नव्हती, तिच्या जिभेला फक्त हाड नव्हतं. यंदा मंजिरीनं ठरवलं होतं की वाण असं द्यायचं की जन्मभर लक्षात राहील.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिला ते सापडलं. गावाबाहेरच्या शेतात लोक गाड्या लावून, डिक्या उघडून घरातलं जुनंपुराणं विकत होते. एका म्हाताऱ्याकडे खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, हिरवट चकाकीच्या सात छोट्या वस्तू होत्या. मामा हाँगकाँगला होता, त्याचं सामान आहे, बाहुलीच्या घरातलं असावं, असं तो म्हणाला. मंजिरीच्या डोळ्यांसमोर लहानपणची भातुकली उभी राहिली. चूल, विहीर, कणगी, उखळ, बदक, कोंबडी, आणि पायऱ्या, अंगण, वरती छपराची खोली असलेलं ते एक. तिनं घासाघीससुद्धा केली नाही. घरी आणून व्हिनेगर लावून काथ्यानं अशा घासल्या की वरचा पांढुरका, चंदेरी थर पार निघून गेला.

"तू घासलं?" ईशिता किंचाळली. "आई, तो चंदेरी थर जमिनीत राहून येतो! तोच तर पुरावा असतो!"

"मला काय ठाऊक! मला वाटलं क्षार आहेत. त्या देवळाच्या खाचाखोचांत तेवढा हात पोचला नाही."

"मग निदान तो एक तरी सेफ आहे. मी प्रोफेसरना फोटो पाठवते. फेक पण असेल. पण आई, आता कशालाही हात लावू नको."

त्या देवळाबद्दल मंजिरीला आधी शंका आली होती, नाही असं नाही. अंगणात एक डुक्कर लोळत होतं. देवळात डुक्कर कसं? पण सासूबाईंनी चष्मा लावून ते हातात घेतलं आणि निकाल दिला, "वराह आहे गं. विष्णूचा तिसरा अवतार. खाली वराह, वर गाभारा. केवढं सुरेख आहे!" सासूबाई, म्हणजे अरुणाताई, नोव्हेंबरात पुण्याहून आल्या होत्या. सासरे सतीशराव थंडीला भिऊन मागेच राहिले होते. अरुणाताईंच्या शब्दाला शास्त्राधार असतो असं घरात सगळे मानत, कारण न मानणाऱ्याला तो ऐकून घ्यावा लागे.

आत्ता वरच्या छोट्या खोलीतून त्यांच्या पूजेची घंटा ऐकू येत होती. स्वतःचे देव त्या पुण्याहून डब्यात घालून घेऊन आल्या होत्या. ड्रॉवरच्या कपाटावर ते मांडून पुढं रेशमी ओढणीचा पडदा लावला होता, आणि त्या पडद्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नव्हता. पूजा झाली की त्या पळी-पंचपात्र घेऊन खाली येत आणि घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर तीर्थ घालत. विनय नऊच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ते घेत असे.

"आईंना यातलं अक्षर कळता कामा नये," मंजिरी कुजबुजली. "आणि सातही वस्तू शुक्रवारच्या आत परत आणायच्या."

"दिलेलं वाण परत मागणार? सांगून टाक ना सरळ," विनय म्हणाला.

"काय सांगू? ऋजुता, तुझ्या नवऱ्याचं ऑपरेशन आहे ना, म्हणून मी तुला कबरीतलं डुकराचं टॉयलेट दिलं, असं सांगू?"

विनयनं विचार केला. तो सॉफ्टवेअरमधला होता, चुकीची वस्तू बाहेर गेल्यावर काय करतात हे त्याला पाठ होतं. "प्रॉडक्ट रिकॉल. म्हणायचं, सेफ्टी इश्यू निघालाय."

"या ग्लेझमध्ये लेड असतो," ईशिता म्हणाली. "रिअली. ते खोटं पण होणार नाही."

तीर्थ घेऊन अरुणाताई खाली आल्या तेव्हा तिघंही शहाण्या मुलांसारखे हात पुढं करून उभे होते.

सोमवारी संध्याकाळी मंजिरी आसावरीकडे गेली. आसावरी कौन्सिलमध्ये कामाला होती आणि तिला कुठल्याही गोष्टीचं कारण लेखी लागे. तिनं चुलीत मेणबत्ती लावून ती खिडकीत ठेवली होती.

"शिसं?" ती म्हणाली. "म्हणजे पॉयझनस? कुणी रिकॉल केलं? नोटीस आलीय का?"

"नोटीस नाही गं. ईशिताच्या युनिव्हर्सिटीतून कळलं."

"बापरे! युनिव्हर्सिटीपर्यंत गेलंय?" आसावरीनं चूल दोन पिशव्यांत गुंडाळून, गाठ मारून परत दिली. दार लावता लावता तिनं विचारलं, "मंजिरी, तिळगुळाचे लाडू तू कशात ठेवले होतेस?"

"स्टीलच्या डब्यात!"

"नाही, सहज विचारलं."

मंगळवारी स्वरालीच्या घरी यापेक्षा वाईट प्रसंग होता. स्वरालीला बदक मिळालं होतं आणि तिच्या दीड वर्षाच्या मुलीनं ते तीन दिवस चोखलं होतं. शिसं हा शब्द ऐकताच स्वरालीनं एकशे अकरा या आरोग्य हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या शांत बाईनं वस्तू काय आहे, किती जुनी आहे असं विचारलं. मंजिरीच्या तोंडून "दोन हजार वर्षं" असं निसटलं. मग त्या बाईनं तिला तोच प्रश्न पुन्हा एकदा शांतपणे, सावकाश विचारलं.

मुलीला काही झालेलं नव्हतं. रक्त तपासून घ्या, एवढंच सांगितलं गेलं, आणि बदक काढून घेतल्याबद्दल मुलीनं जे भोकाड पसरलं त्यावरून तिची प्रकृती ठणठणीत असल्याचं सगळ्या गल्लीला कळलं. पण मंजिरी घरी पोचेपर्यंत बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागली होती. आधी कुणीतरी लिहिलं, मंजिरीच्या वाणात शिसं आहे. मग दुसरीनं विचारलं, आणि तिळगुळात? तिसरीनं आपल्याला शनिवारपासून मळमळत असल्याचं जाहीर केलं. बुधवारी दुपारपर्यंत तिळगूळ त्या मडक्यांतच वळला होता इथवर गोष्ट गेली, आणि कुणीतरी कचऱ्याच्या डब्यात ओतलेल्या लाडवांचा फोटो टाकला.

मंजिरीनं तो फोटो पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन रात्री जागून तिनं ते लाडू केले होते. प्लॅस्टिकच्या डब्यावर तीन वर्षं निघाली, आता विषाच्या लाडवांवर किती निघतील याचा हिशेब करवत नव्हता.

एक मात्र झालं. घाबरलेल्या बायका आपण होऊन वाण परत आणून देऊ लागल्या. कोंबडी पायरीवर ठेवलेली सापडली, बेल न वाजवता. कणगी एकीनं ओव्हनच्या हातमोज्यांनी धरून आणली. बुधवारी संध्याकाळपर्यंत गॅरेजमध्ये सहा वस्तू जमा झाल्या, आणि ईशिताचा मेसेज आला: "प्रोफेसर एक्सायटेड आहेत. कदाचित खऱ्या. सात एकत्र बघायच्या आहेत. धुऊ नको!!!"

राहिलं होतं ते ऋजुताचं. मंजिरीनं तिला रविवारपासून चारदा फोन केला होता. दर वेळी ऋजुता इकडचं तिकडचं बोलायची, परीक्षितला काय खायचं नाही त्याची यादी वाचायची आणि विषय निघाला की घाईत असायची. ही काही तिची रीत नव्हती. शेवटी बुधवारी मंजिरीनं स्पष्टच विचारलं.

"ऋजुता, ते देऊळ कुठे आहे?"

"देऊळ ना? अगं, देवघरात! दुसरं कुठे ठेवणार? बाळकृष्ण बसवलाय त्यात."

"कुणाला बसवलंय?"

"बाळकृष्णाला. वरच्या खोलीत बरोब्बर मावतो. रोज अभिषेक चाललाय, परीक्षितचं सगळं नीट व्हावं म्हणून. आता शुक्रवारपर्यंत हलवायचं नाही हं. ठेवते, कुकर झालाय."

मंजिरी फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. विनयनं येऊन तो तिच्या कानावरून काढला.

"विनय, बाळकृष्ण टॉयलेटमध्ये बसलाय."

"सांगून टाक," विनय म्हणाला.

"तुझं बरंय. आठवडाभर सांगून टाक, सांगून टाक. तुला काय जातंय?"

रात्रभर तिला झोप लागली नाही. शुक्रवारी ऑपरेशनमध्ये काही कमी-जास्त झालं तर? डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, आपल्याला जन्मभर माहीत असणार की आदल्या आठवड्यात त्या घरात आपण काय दिलं होतं. ती एरवी असल्या गोष्टी मानणारी नव्हती. ऑफिसात तर ती सोमवारी नखं कापायची. पण पहाटे चारला कुठलीच बाई विज्ञानवादी नसते. पाच वाजता तिनं ठरवलं की सगळं खरं सांगायचं, टॉयलेटसकट. मैत्री गेली तर गेली.

गुरुवारी साडेसातला ती ऋजुताच्या घरी जायला शेनलीच्या रस्त्याला लागली. मिल्टन कीन्समध्ये कुठंही जायचं तर दर मैलाला एक गोल फिरून जावं लागतं. त्या दिवशी मंजिरी एका राउंडअबाउटला तीनदा फिरली, कारण तिसऱ्या फेरीपर्यंत तिला पहिलं वाक्य सुचेना. "ऋजुता, मृत्यू हा शेवट नसतो" हे तिनं रद्द केलं. "ऋजुता, प्राचीन काळी स्वच्छतेला फार महत्त्व होतं" हेही रद्द केलं.

ऋजुतानं दार उघडलं आणि मंजिरीला पाहून ती एकदम रडायलाच लागली.

"मला माहीत होतं तू येणार! माफ कर गं मला. मी खोटं बोलले."

मंजिरीला काही कळेना. तिनं आत पाहिलं. देवघर दारातूनच दिसत होतं. त्यात गणपती होता, अन्नपूर्णा होती, समई होती. देऊळ नव्हतं.

"ते माझ्याकडे नाहीच," ऋजुता नाक पुसत म्हणाली. "रविवारी दुपारी तुझ्या सासूबाईंना मी भजनाला घेऊन गेले होते ना, तेव्हा येताना त्या इथं आल्या. पहिल्यांदाच घरी आल्या, ओटी भरायला हवी, आणि घरात द्यायला काही नव्हतं. त्यांना ते देऊळ फार आवडलेलं मी पाहिलं होतं. मग तेच ओटीत घातलं. तू दिलेलं वाण मी दुसऱ्या दिवशीच पुढं दिलं हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? काकू म्हणाल्या, मंजिरीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. बाळकृष्णाचं त्यांनीच फोनवर सांगितलं मला. आणि आता सगळ्या म्हणतात त्यात विष आहे! मी काकूंना विष दिलं गं! मला रात्रभर झोप नाही!"

मंजिरीच्या मनात आधी आनंद उसळला. देऊळ या घरात नाही! परीक्षित सुटला! तिनं ऋजुताला मिठी मारली. "काही होत नाही गं. विष वगैरे काही नाही. तू निवांत राहा. शुक्रवारी सगळं नीट होणार."

"तू रागावली नाहीस?"

"मुळीच नाही!"

"किती मोठं मन आहे तुझं," ऋजुता हुंदका देत म्हणाली. "मी परत कधी त्या डब्याबद्दल बोलणार नाही."

गाडीत बसून मंजिरीनं पट्टा लावला, किल्ली फिरवली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. रविवार दुपारपासून ते तिच्याच घरात होतं. तिच्याच छताखाली, रेशमी ओढणीमागे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण हा वळसा तर मिल्टन कीन्सचे सगळे राउंडअबाउट धरून झाला होता. आणि पुण्यात सतीशराव रक्तदाबाच्या गोळ्या खात एकटे बसले होते.

घरी आल्यावर तिनं बूट काढले आणि ती थेट वर गेली. गुरुवारची पूजा मोठी असे, ती नुकती आटोपली होती. खोलीचं दार उघडं होतं. ओढणी बाजूला सारलेली होती. वरच्या खोलीत बाळकृष्ण रांगत होता, डोक्यावर तुळशीचं पान. खाली अंगणात डुकराच्या कपाळाला कुंकू होतं आणि त्याच्यापुढं खडीसाखर.

अरुणाताईंनी मागं वळून पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "ऋजुतानं सांगितलं वाटतं. अगं, मी मागितलं नव्हतं हो. तिनं ओटीत घातलं. ओटीतलं नको म्हणता येत नाही."

"आई, बसा जरा," मंजिरी म्हणाली, आणि स्वतःच पलंगावर बसली. "ते देऊळ नाही. ते कबरीतलं आहे. चीनमधलं. माणूस गेला की त्याच्याबरोबर पुरायचे. चूल, विहीर, सगळंच."

अरुणाताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"किती वर्षं झाली त्याला?"

"दोन हजार."

"मग सुतक फिटलं की केव्हाच," अरुणाताई म्हणाल्या.

"आई, तुम्हाला धक्का नाही बसला?"

"कसला धक्का? मामंजी गेले तेव्हा बाराव्याला आपणही दान दिलंच की. गादी, छत्री, चपला, कंदील. सासूबाई म्हणाल्या, त्यांचा चहाचा कप द्या, दुसऱ्या कपातून ते पीत नाहीत. गुरुजी म्हणाले, कप शास्त्रात नाही. सासूबाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या शास्त्रात आहे." अरुणाताईंनी हिरव्या छपरावरून बोट फिरवलं. "यांच्या माणसांनी तर बदकसुद्धा दिलं. गेलेल्याला तिकडे काही कमी पडू नये, एवढंच ना गं? माणसं सगळीकडे सारखीच."

पाच दिवस मंजिरी ज्या वस्तूंना भीत होती त्या तिला पहिल्यांदाच दिसल्या. कुणीतरी, कुणासाठी तरी, एवढी बारीक कणगी घडवली होती. रविवारीच सासूबाईंना विचारलं असतं तर लाडू तरी वाचले असते.

"ईशिताच्या प्रोफेसरांना ते बघायचंय," ती डोळे पुसत म्हणाली.

"देऊ की. उद्या परीक्षितचं ऑपरेशन होऊ दे. ऋजुताला शब्द दिलाय, तोवर रोज अभिषेक घालीन म्हणून."

आता उरलेली अर्धी गोष्टही सांगून टाकावी, असं मंजिरीला वाटलं. सासूबाई एवढ्या समंजस, त्या हेही समजून घेतील. तिनं तोंड उघडलं.

"फक्त एक मला कळत नव्हतं," अरुणाताई म्हणाल्या. "ह्या वरच्या खोलीत, जमिनीला मधोमध भोक कशाला ठेवलंय?"

मंजिरीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मग सोमवारी अभिषेक करताना उलगडा झाला. पाणी त्या भोकातून बरोब्बर खाली जातं आणि थेट वराहापुढं पडतं. थेंब इकडे तिकडे नाही! खाली वाटी ठेवली की तीर्थ आयतं जमा. ज्यानं केलं त्यानं किती विचार करून केलंय बघ. कबरीतलं असेना का, पण माणूस देवभक्त होता."

"सोमवारी?" मंजिरीनं क्षीण आवाजात विचारलं. "आई, म्हणजे सोमवारपासून आपण सगळे जे तीर्थ घेतोय ते..."

"ह्यातलंच. हात पुढं कर."

मंजिरीनं हात पुढं केला. पळी कलली. तळहातावर थंडगार तीर्थ आलं आणि त्यात तुळशीचा एक बारीक तुकडा तरंगू लागला. जिन्यावर पायरी करकरली. फोन कानाला लावून वर येता येता विनय थबकला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यानं सगळं ऐकलंय. तो हळूच एक पायरी मागं सरकला.

"विनय, ये रे, तीर्थ घे," अरुणाताईंनी हाक मारली.

"आई, मला मीटिंग आहे."

"मीटिंग रोजच असते. तीन दिवस घेतलंस, आजच काय झालं?"

विनयनं आशेनं बायकोकडं पाहिलं. मंजिरीनं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि तळहात ओठांकडं नेला.

"सांगून टाक ना," ती म्हणाली.

विनयनं फोन खिशात घातला, वर आला आणि हात पुढं केला.